सोळा सोमवार आणि आठ किलो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी हसाल याची मला खात्री नाही. आमच्या घोडपदेवच्या चाळीत वेडेपणा करणारे कमी नाहीत, पण मी जो केला ना, त्याला तोड नाही. चहा घ्या तुम्ही. माझा बिनसाखरेचा.

झालं काय, ऑफिसच्या तपासणीत माझी शुगर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, आठ किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. माझ्या वडिलांचा पाय शुगरने गेला. त्यांचं ड्रेसिंग मी केलंय. मी खरोखर घाबरले आणि त्याच दिवसापासून संध्याकाळी चालायला लागले.

पण चाळीत राहून वजन उतरवायचं? करून बघा! गॅलरीतून निघाले की, "काय वैशाली, सुटलीयस हां!" आणि तेच तोंड पुढच्या मिनिटाला, "घे गं एक करंजी!" नाही म्हटलं तर माज. कुणाच्या पोरीला नोकरी लागली, पेढा. कुणी गावाहून आलं, खाजं. शेजारच्या परबमावशी तर डबा घेऊन थेट दारात.

"खा गो बाय, एका लाडवान काय होणा नाय!"

"मावशी, शुगर काठावर आलीय."

"त्या रिपोर्टाक काय कळता? माझ्या हातचो लाडू आसा!"

असं रोज. मी रोज हरायचे आणि रात्री स्वतःला शिव्या द्यायचे.

एका सोमवारी मावशी पुन्हा डबा घेऊन आल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा उपवास आहे."

काय जादू म्हणता! डबा मागे! आमच्याकडे डॉक्टरला कुणी विचारत नाही, पण महादेवाचं नाव काढलं की सगळे गप्प.

"कसलो उपास गो?"

मी विचार केला, एका सोमवाराने काय होणार? चार महिन्यांची सोयच करून टाकू.

"सोळा सोमवार धरलेत."

मावशींनी डबा खाली ठेवला. माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी!

"म्हादेव आयकतलो गो तुझा गाऱ्हाणा."

मला वाटलं, बाई भाविक आहे. मूर्ख मी!

दोन आठवडे स्वर्ग होता. सोमवारी उपवास, बाकीच्या दिवशी "व्रताचं पथ्य आहे." काटा चक्क एक किलो खाली आला. मी आरशासमोर उभी राहून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या सोमवारी मावशी साबुदाणावडे घेऊन आल्या. "उपासाचेच हत, खा." खालच्या मजल्यावरून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. समोरून रताळ्याचा गोड कीस, वर तूप. उपवास आहे म्हणून नाही म्हणायचं, तर समोर सगळं उपवासाचंच! आता कुठल्या देवाला पुढे करू?

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभलं असतं. बाकीच्या दिवशी बदामाचं दूध यायला लागलं, डिंकाचे लाडू यायला लागले. माझी पाण्याची बादली कुणीतरी उचलून न्यायचं. मी चालायला निघाले की शेजारी जिन्यातच अडवायचे, "आता दगदग नको हां, वैशाली." शेवटी चालणं बंद पडलं. आणि मी? मी मनात म्हणतेय, वा, व्रताला काय मान आहे आपल्या चाळीत!

दहाव्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की सासूबाई सकाळचा चहा घेत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "पोट जड आहे." दर सोमवारी पोट जड? मी मावशींना विचारलं.

"तुका ठाऊक नाय? तुझ्या सासूनं पण धरलेत. कडक! मीठसुद्धा खाणा नाय."

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? नातवासाठी! तुझ्यासारखोच नवस."



मला आणि महेशला मूल नाही. बारा वर्षं झाली लग्नाला. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, रडून झालं. पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ते थांबवलं, आणि सासूबाईंनी त्यानंतर एका शब्दाने विचारलं नाही. आणि मी एक लाडू टाळायला सगळ्या चाळीला आशा लावून बसले होते!

"महेश, आईंना खरं सांग ना."

"मी? उपवास तू धरलास!"

"तुझी आई आहे!"

"आणि थाप तुझी!"

सहा सोमवार मी आज सांगते, उद्या सांगते करत काढले. खूप लाज वाटते मला त्याची. उद्यापनाच्या आदल्या दिवशी सासूबाई चुरम्याचे लाडू वळायला बसल्या, तेव्हा कुठे तोंड उघडलं. सगळं सांगितलं. शुगर, लाडू, थाप.

त्यांचे हात थांबले.

"मला वाटलं, तुझ्या मनात परत आलं," त्या म्हणाल्या. "एकटीने करू नये, म्हणून मी धरले." आणि पुन्हा लाडू वळायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

उद्यापनाला बोलावणी गेली होती, त्यामुळे ते झालंच. प्रत्येक बाईने माझ्या तोंडात लाडू भरवला. त्या दिवशी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मावशींनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि खुशीत म्हणाल्या, "दिसाक लागला हां गो!" पोट साबुदाण्याचं होतं.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना बीपीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे नेलं. त्यांचे गुडघे गेलेत, वजन कमी करा म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागलेत. काट्यावर उभं केलं. सहा किलो कमी! डॉक्टर खूश. आता आलाच आहात तर तुम्हीही उभ्या राहा, म्हणाले. मी उभी राहिले. सुरुवात केली होती त्याच्यापेक्षा दोन किलो जास्त.

"आजी, कसं जमवलंत हो?"

"सुनेने सुरू केलं डॉक्टर. मी नुसती सोबत केली."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सोबत करणाऱ्याचे सहा किलो उतरले. मग तुम्ही काय करत होतात?"

"उपवास," मी म्हटलं.