बांगड्यांनी धरलेली जागा

मालवणच्या स्टँडवर गाडी लागली की माझी आई खिडकीतून पिशवी आत टाकते. पिशवी पडली की जागा तिची. मग ती सावकाश चढते, आणि तिथे बसायची कोणाची छाती होत नाही.

मी मुंबईत नोकरीला होतो तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. "हयच्या माणसांवर इस्वास ठेव नको," असं मला थांब्यावर बजावत असतानाच बस आली, आणि तिने सवयीने सुक्या बांगड्यांची पिशवी खिडकीतून आत फेकली. बस पिशवी घेऊन निघून गेली. आईने शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांसकट सगळ्या शहराला चोर ठरवलं. त्याच गृहस्थांनी रिक्षा थांबवून आम्हांला शेवटच्या थांब्यावर पाठवलं.

तिथे बस उभी होती आणि पिशवी सीटवरच होती. कंडक्टर वैतागून म्हणाला, "बेवारस पिशवी बघून अर्धी बस उठून उभी राहिली. पोलिसांना बोलवणार होतो, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने लांबूनच हुंगून सांगितलं, बांगडे आहेत. मग लोक बसले. त्या सीटवर मात्र कोणी बसलं नाही."

आई ऐटीत त्याच सीटवर बसली. "बघ, माजी जागा कोणी घेवक नाय. माणसां बरी आसत."

परतताना बस गच्च भरली, तरी तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

"तुज्यासाठी ठेवल्यानी," ती मला म्हणाली.

मी उभाच राहिलो.