दोन बायांचं लायसन

लायसन मला हौसेखातर नको होतं. त्र्याऐंशीच्या आसपास आर्वी तालुक्यातल्या बालवाड्या तपासायची नोकरी मिळाली, आणि एसटीच्या भरवशावर ते काम होणारं नव्हतं. ऑफिस मोपेड देणार होतं, पण साहेबांनी बजावलं : महिनाअखेर निदान शिकाऊ लायसन दाखवा, नाही तर यादीतली पुढची बाई घेतो. मी चाळिशीला टेकलेली. ही नोकरी गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती.

जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला हवा होता आणि राहण्याचा दाखला तहसिलीतून. शाळा तळेगावची, माझ्या माहेरची. तिथल्या दोन खेपा फुकट गेल्या. एकदा हेडमास्तर मीटिंगला, एकदा हेडमास्तर आष्टीला आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला, पण आनंद वगैरे काही झाला नाही. पाय दुखत होते आणि परतीची गाडी निघून गेली होती.

तहसिलीतल्या बाबूनं माझा दाखला आणि राशन कार्ड शेजारी शेजारी ठेवलं.

"बाई, ह्या तं दोन बाया झाल्या. यातल्या तुमी कोनत्या?"

दाखल्यावर शाळेतलं नाव, कार्डावर सासरचं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि जुनं नाव तिथेच संपलं. त्याचा कागद कोण करतं? मी म्हटलं, दोन्ही मीच.

"मंग तसं नवऱ्याकडून स्टँप पेपरवर लिहून आना. नाव त्याईनंच ठेवलं नं?"

हे जिनिंगमध्ये कामाला होते. ऐन कापसाच्या हंगामात एक दिवसाची सुटी काढून, कुरकुरत का होईना, आले. कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्जनवीस बसायचा. त्यानं कागद टाइपरायटरवर चढवला आणि ह्यांना विचारलं, "बाईचं लग्नाआधीचं नाव?"

हे खोकले. मग माझ्याकडे वळले.

"काय होतं वं ते? थांब, सांगू नोको. आठवते मले."

नाही आठवलं. अठरा वर्षं संसार केला ह्या माणसानं. लहानपणच्या बैलांची नावं अजून तोंडपाठ होती, माझं मात्र नाही. शेवटी मीच सांगितलं, अर्जनवीसानं टाइप केलं, आणि ह्या बाईला मी ओळखतो म्हणून ह्यांनी खाली सही ठोकली. लायसनच्या अर्जावरही शाळेतलंच नाव आधी आलं, सासरचं 'ऊर्फ' लावून मागे. ह्यांचा मला इतका संताप आला की मी ह्यांना मागे टाकून तरातरा स्टँडवर गेले.

"एवढ्याशा गोष्टीवर काऊन रुसून राह्यली?"

"एवढीशी नाई. नाव आहे माह्यं."

दोन दिवसांनी आम्ही वर्ध्याला आरटीओच्या कचेरीत गेलो. शिकाऊ लायसन द्यायचा महिन्यातला तो शेवटचा वार होता, म्हणून हेही सोबत आले. अकरापासून बाकावर बसून पाठ धरली. शिपाई दारात येऊन नुसती पहिली नावं पुकारायचा, त्यातली निम्मी गलक्यात विरायची. एका बाईचं नाव त्यानं तीनदा पुकारलं. कुणी उठेना. मला तिचा रागच आला. सगळ्यांचा खोळंबा करून कुठे चहा पीत बसली असेल, असं मनात आलं.

"आली नाई वाटते," म्हणत शिपायानं अर्ज बाजूला काढला.

हे ताडकन उठले. "आहे, आहे! इथंच बसून आहे!" आणि माझा दंड धरून हळूच म्हणाले, "ऊठ वं. तुलेच बलावून राह्यले."

उठले. शाळेतलं ते नाव माझंच होतं. आतल्या साहेबानं रस्त्यावरच्या खुणा विचारल्या, त्या सगळ्या सांगितल्या. लायसन मिळालं, नोकरी राहिली. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले, आता हे काय म्हणतात याची वाट पाहत. म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता. आर्वी आली तरी ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.