आधी वाट, मग हवा

दामले साहेब आमच्याकडे आले की चपला काढून सरळ आतल्या खोलीत जायचे आणि मागची खिडकी उघडायचे. ‘कशा आहात’ नाही, ‘पाणी द्या’ नाही, आधी खिडकी. मे महिन्यातलं भोपाळ, कूलर धडाधडा चाललेला, मी नुकती ओटा आवरून टेकलेली, आणि हे गृहस्थ बाहेरची धूळ आत घेतायत! माझा जीव नुसता चडफडायचा. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं, “वहिनी, आधी वाट, मग हवा. आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता चिकचिकाट करणार.” आणि खरंच थोड्या वेळात खोली गार व्हायची. त्याचाही मला रागच यायचा.

सुधीरचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, ते कारखान्यातले साहेब. विजेच्या अजस्र मोटारी तापू नयेत म्हणून त्यांच्या पोटातून हवा कशी खेळवायची, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते इंद्रपुरीतच, आमच्या मागच्या गल्लीत राहिले. सुधीर आयुष्यात एकाच माणसाला घाबरला. तो माणूस मी नव्हे, दामले साहेब.

म्हणून तर मी त्यांच्याकडे गेले. लोक तीर्थयात्रेला निघतात त्या वयात सुधीरने एक जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेतली होती आणि ती घेऊन तो इंदूरच्या बाजूला एका रेस ट्रॅकवर जायचा. मी बोलून बोलून थकले होते. सासूबाईंचं दुखणं, मुलीचं बाळंतपण, माझी शाळा, हे सगळं निस्तरता निस्तरता आणखी कुणाची काळजी करायची ताकदच माझ्यात उरली नव्हती. त्यात एक दिवस तो पांढराफटक पडून घरी आला. ऐन वळणाआधी ब्रेकचं पेडल पार तळाला गेलं होतं आणि गाडी मातीत घुसून थांबली होती. ब्रेक इतके तापले की त्यातलं तेल उकळलं म्हणे. “थोडक्यात वाचलो,” एवढंच म्हणाला आणि न जेवता झोपला.

“साहेब, तुम्ही सांगा त्याला, गाडी विक म्हणून,” मी म्हटलं. “तुमचं ऐकेल तो. मला जिवाचा घोर नकोय आता.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात आतून मालतीकाकूंची, त्यांच्या बायकोची, हाक आली. त्या अर्धांगवायूने कैक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. साहेब उठून गेले, काकूंना कुशीवर वळवून आले आणि म्हणाले, “उद्या दुपारी येतो. शांतीबाई मालतीजवळ बसते तेव्हा.”

आले ते कारखान्यातला जुना निळा डगला चढवून, हातात पत्रा कापायची कात्री! मी कपाळावर हात मारून घेतला.

तोवर सुधीरने स्वतःच्या अकलेने ब्रेकला वारा घालायची सोय करून ठेवली होती. कूलरवाल्याकडून प्लास्टिकचा पाइप आणला होता आणि बंपरमधून तो ब्रेकच्या तबकडीवर एका बाजूने सोडला होता. साहेबांनी चाकाशी डोकं घातलं आणि कडाडले, “अरे, तापल्या तव्याच्या एकाच बाजूवर पाणी मारतोस? तडकेल ना ती तबकडी! आणि हा पाइप वितळून चाकाला चिकटेल.” सुधीर खाली मान घालून उभा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता म्हणतील, विकून टाक.

ते म्हणाले, “जॅक लाव.”

मग कितीतरी दुपारी तेच चाललं. पुढचे धुक्याचे दिवे काढून तिथे हवेची तोंडं बसवली. उष्णता सोसणारा जाड लाल पाइप मागवला. तबकडीमागचा पातळ पत्रा कापून पाइप तिथे जोडला, अशा बेताने की हवा थेट तबकडीच्या मधोमध शिरावी. तिथून ती तबकडीच्या पोटातल्या फटींतून कडेने बाहेर पडते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या गार होतात. चहा देताना रोज ऐकून ऐकून मला हे पाठ झालं. वर कामालाही लावायचे. “वहिनी, आत बसा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. आता उजवीकडे.” मी कुरकुरत फिरवायची आणि ते आडवे होऊन पाइप टायरला घासतो का ते बघायचे. घासला की सगळं सोडून पुन्हा. शेजारचे तिवारीजी भिंतीवरून विचारायचे, “भाभीजी, भाईसाब की गाड़ी में कूलर लग रहा है क्या?”

शेवटी एकदा माझा तोल सुटला. सुधीर पाइप आवळायच्या पट्ट्या आणायला बाजारात गेला होता. “साहेब, मी तुम्हाला त्याला थांबवायला सांगितलं होतं. तुम्ही तर आणखी पळायची सोय करून देताय!”

ते फरशीवरच हात पुसत बसून राहिले. “थांब म्हटलं तर तो चोरून जाईल, वहिनी. तेच ब्रेक घेऊन जाईल.” मग कात्री बाजूला ठेवून म्हणाले, “आणि खरं सांगू? मी थकलोय हो. मालतीचं सगळं मी मनापासून करतो, पण रात्रंदिवस तेच. कधीकधी ओरडतो तिच्यावर. मग स्वतःचीच लाज वाटते. या दुपारी मिळाल्यापासून एकदाही ओरडलो नाही.”

तो थकवा मला चांगला ओळखीचा होता. मी आत गेले आणि त्यांच्या चहात आलं जरा जास्त किसलं.

ट्रॅकवर जाताना साहेबांनी सुधीरला बजावलं, शेवटची फेरी सावकाश, ब्रेकला पाय न लावता, म्हणजे ते वाऱ्याने निवतात, आणि थांबल्यावर तापल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नाही. मी दिवसभर त्यांच्याकडेच बसले होते, घरी बसवेना. संध्याकाळी फोन आला. “साहेब, पेडल शेवटपर्यंत टणक!” साहेबांनी आत तोंड करून हाक मारली, “मालती, टणक!” आणि काकू अर्ध्या ओठाने हसल्या.

त्या थंडीत काकू गेल्या. होळीनंतर साहेबही गेले, झोपेतच. सुधीरने गाडीवर कव्हर घातलं ते काढलंच नाही. मे आला. कूलर लावून बनियनवर तो नुसता बसून राहायचा, पेपरसुद्धा उघडायचा नाही. एका दुपारी म्हणाला, “तिवारीजींनी गिऱ्हाईक आणलंय. विकतो गाडी. तुझ्या मनासारखं.”

मनासारखं! खोली चिकचिकत होती. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला साहेबांची फार आठवण आली. उठले, मागची खिडकी उघडली. धूळ आत आली ती आलीच. मग खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या मांडीवर टाकली. “रविवारी ट्रॅकवर जा. तिवारीजींना मी सांगते काय ते. शेवटची फेरी सावकाश.”

त्याने किल्ली उचलली. “तू येतेस?”

“मला झोपायचंय,” मी म्हटलं.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. “टणक,” सुधीर म्हणाला. मी फोन तसाच धरून थोडी रडले. आत हाक मारून सांगायला आता कुणी नव्हतं. मग मागची खिडकी उघडी ठेवून मी आडवी झाले, आणि तो परत येईपर्यंत मला गाढ झोप लागली होती.