राखणदार आणि पाच फळ्या

लग्न होऊन मी गुहागरहून देवरूखच्या वरच्या अंगाला एका गावात आले, तेव्हा माहेरच्यांनी माझी एकच समजूत घातली: तिकडे समुद्र नाही, पण सासऱ्यांचं स्वतःचं धरण आहे. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. धरण म्हणजे काय, तर घरामागच्या पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, घातलेली जांभ्या चिऱ्यांची दोन पुरुष उंच भिंत. भिंतीमागे तळं, तळ्यात होडी, होडीत मामंजी.

मामंजींनी मुंबईत गोदीच्या कचेरीत उभी हयात काढली होती. पेन्शन घेऊन गावी आलेली माणसं कलमं लावतात, नाहीतर भाऊबंदांशी कोर्टात भांडतात. यांनी पोहायला आणि होडी फिरवायला धरण बांधलं. गाव हसलं. मलाही हसू यायचं, पण दुपारी घर आडवं झालं की मी गुपचूप पोहून येत असे, त्यामुळे नावं ठेवायची सोय नव्हती.

गावात दरवर्षी दगडमातीचे बांध घालत आणि मिरगाआधी, पावसाळा लागायच्या आत, आपल्याच हातांनी फोडत. मामंजींचं धरण फोडायचं नव्हतं. त्याच्या मधोमध गवंड्याने एक उभी खाच ठेवली होती आणि तीत फणसाच्या पाच फळ्या एकीवर एक बसवल्या होत्या. जाताना तो दोन गोष्टी बजावून गेला. मिरगाआधी फळ्या काढायच्या. आणि भिंतीतून निवळ पाणी पाझरलं तर पाझरू द्या, गढूळ आलं तर समजा की आतली माती चालली.

सगळं ठीक चाललं असतं, पण पहिल्याच हिवाळ्यात होडी उलटली. तिथे पाणी कमरेएवढं होतं, मामंजींची फक्त पगडी वाहून गेली, पण सासूबाईंनी अंथरूण धरलं. जागेला राखणदार हवा, असं ठरलं. नदीतला गुळगुळीत गोटा आणला, शेंदूर लावला, नारळ दिला आणि मानाची जागा म्हणून बरोब्बर मधोमध, सगळ्यात वरच्या फळीवर त्याची स्थापना केली. दर अवसेला नारळ फुटू लागला. सहा महिने आम्ही सगळ्यांनी तिथे हात जोडले आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण देवाला दरवाजावर बसवलंय.

ते कळलं मिरगाच्या तोंडाशी. गडी फळ्या ओढायची लोखंडी आकडी घेऊन गेला आणि हात जोडून परत आला. राखणदाराला उठवायचं कोणी? मामंजी देवळात गेले. गुरवाने देवीला कौल लावला: पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी एकही कळी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाऊस मात्र कौलासाठी थांबला नाही. तळं काठोकाठ भरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी पुन्हा देवळात गेलेले असताना धरणाखाली राहणारी आमची जमीन कसणाऱ्या कुळाची बायको मागच्या दारी आली. नवरा मुंबईला गिरणीत, काखेला चार महिन्यांचं पोर.

"वैनी, भिंतीच्या बगलेतनं पानी येतंय."

"कसं? निवळ?"

"लाल. माझ्या खळ्यात पावलाभर झालंय."

सासूबाई म्हणाल्या, "हे येईपर्यंत थांब." ती बाई पोराला घट्ट धरून उभी राहिली. तिचं घर जाणार होतं आणि ती आमच्या परवानगीची वाट बघत होती, याचा मला भयंकर राग आला. तिचा नव्हे, आमचा.

मी कासोटा घट्ट केला, आकडी उचलली आणि भिंतीवर गेले. राखणदाराला म्हटलं, "चुकलं तर माझं," आणि त्याला उचलून तिच्या मोकळ्या हातात दिलं. एका काखेला पोर, एका हातात देव, अशी ती खाली गेली. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली. तिसरीला मी जवळजवळ पाण्याबरोबर गेले असते. तेवढ्यात गड्याला लाज वाटली आणि तो धावत आला. पाचही निघाल्या तोवर काठावर निम्मं गाव जमलं होतं. त्या पोराला उद्या साधी शिंक आली असती तरी ती माझ्या नावावर लागली असती, आणि नव्या सुनेला असलं नाव जन्मभर पुरतं.

मामंजी छत्री मिटत आले. खाचेतून धो धो जाणारं पाणी पाहिलं, आकडी पाहिली, मग मला पाहिलं.

"राखणदार कुठंय?"

"खाली. हिच्या खळ्यात."

ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कौल उजवा पडला. फळ्या काढायला हरकत नाही." मग मला हळूच म्हणाले, "आत जा, डोकं पूस."

राखणदार तिच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, राहिला. आकडीही मामंजींनी तिच्याच पडवीत टांगायला लावली. फळ्या कधी काढायच्या ते तिने ठरवायचं, आम्हाला विचारायचं नाही.

मामंजी गेले त्या वर्षी गुरव भेटायला आला. ओटीवर बसून इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, "धाकल्या वैनी, आता सांगायला हरकत नाय. त्या दिवशी कौल डावा पडला हुता."

माझ्याशी पत्त्यांच्या डावातही कधी खोटं न खेळलेला माणूस. मी नारळ घेतला आणि खाली तिच्या खळ्यात गेले. तिचं पोर, आता मिसरूड फुटलेलं, आकडीला तेल लावत बसलं होतं. राखणदारापुढे नारळ फोडताना मी नाव मात्र मामंजींचं घेतलं.