शेळ्यांच्या गोठ्याचं इंग्रजी

बी.ए. झाले तरी इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या म्हणजे मी आधी मराठीत वाक्य जुळवायची, मग एकेक शब्द पलटायची, आणि तोवर काय म्हणायचं होतं तेच विसरायची. सरावाला जागा हवी होती. ती फोनमधल्या नकाशात सापडली. तिथं कुठल्याही ठिकाणाखाली अभिप्राय लिहिता येतो, आणि नेकनूरच्या पिठाच्या गिरणीवरचं माझं इंग्रजी वाचणार कोण?

गिरणीला मी 'गुड' लिहिलं. बसस्टँडला 'व्हेरी गुड', जे खरं नव्हतं. हळूहळू हात सैल झाला. रसवंतीवर तर अख्खा परिच्छेद झाला. गावातली ठिकाणं संपली तेव्हा काकांचा शेळ्यांचा गोठा मीच नकाशावर टाकला आणि खाली लिहिलं: निवांत परिसर, ताजं दूध, रहिवासी प्रेमळ, मुक्काम सुखाचा. मुक्काम शेळ्यांचा, हे लिहायचं राहिलं.

एका रविवारी गोठ्यासमोर मोटार थांबली. पुण्याचं जोडपं होतं.

"रूम कुठंय?" बाईंनी विचारलं.

काकांनी मागं वळून गोठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे काहून आले?"

"अभिप्राय वाचून."

"कुणाचा?"

मी शेळ्यांना पाला टाकू लागले.

काकीनं पिठलं-भाकरी केली. पाहुणे खूश झाले. पण निघता निघता बाईंची गवती टोपी एका शेळीनं शांतपणे खाल्ली.

संध्याकाळी त्यांचा इंग्रजीत अभिप्राय आला: भाकरी उत्तम, जनावरांना शिस्त नाही.

हे वाचून माझं डोकंच फिरलं. उभ्या उभ्याच उत्तर लिहायला घेतलं. ही शेळी लेकुरवाळी आहे, तिनं आजवर कुणाला शिंग लावलेलं नाही, आणि वाळलं गवत डोक्यावर घेऊन कुणी गोठ्यात शिरलं तर तिनं काय समजायचं? पाठवल्यावर लक्षात आलं, यातलं एकही वाक्य मी आधी मराठीत जुळवलं नव्हतं. 'हॅज'च्या जागी 'हॅव' पडलं होतं, शेळी मध्येच 'शी'ची 'ही' झाली होती. राहू दिलं.

काकांनी ते वाचून दाखवायला लावलं. कळलं काही नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं.

"भांडल्यावानी वाटतंय," ते म्हणाले.

"भांडणच हाय, काका."

"मग ब्येस हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. टोपी सासूबाईंनी दिलेली होती, बाईंना स्वतःला ती कधीच आवडली नव्हती, शेळीला धन्यवाद सांगा. त्यांचीही 'हॅज-हॅव'ची गल्लत झाली होती, त्यामुळं मला फार बरं वाटलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना इंग्रजीत लिहितो, बहुतेक वेळा सासूबाईंबद्दल.

गोठा नकाशावरून काढायचा कसा, ते मला अजून जमलेलं नाही. परवा दोन मोटारसायकलवाले रूम विचारत आले. काकीनं सरळ चुलीवर पिठलं टाकलं.