कुलपातलं प्रकटीकरण

आबाजी साळवे चिंचवडच्या आमच्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीत होते. पार्ट मापात नसला की ते त्याला लाल टॅग लावत, टॅगवर कारण लिहीत आणि मगच तो लाल पेटीत कुलूपबंद होई. कारणाचा रकाना कोरा दिसला की आम्हा पोरांची बिनपाण्याने व्हायची.

निवृत्तीनंतर चर्चचा बायबल अभ्यास त्यांच्याकडे आला आणि त्यांनी नेमकं प्रकटीकरण, म्हणजे जगाच्या शेवटाबद्दलचं बायबलातलं शेवटचं पुस्तक, घेतलं. त्यावरची पुस्तकंही ते पार्टसारखीच तपासत. प्रकटीकरण मुळात ज्यांना लिहिलं, त्या रोमच्या जाचाखालच्या सात ख्रिस्ती मंडळ्यांना हे वाचून काय कळलं असेल, ते लेखक आधी सांगतो का? त्यातल्या शिंगांच्या श्वापदाचा अर्थ बायबलातल्याच दानीएलाच्या जुन्या पुस्तकात शोधतो, की कालच्या पेपरात? शेवटाची तारीख दिली असली की लाल टॅग. अशी तेरा पुस्तकं लोखंडी कपाटात गेली. पास झाली दोनच, दोन्ही इंग्रजी. ती मराठीत उतरवायला ते बसले ते बसलेच, एकेका शब्दाला आठवडा. अभ्यासाला बसणारे आम्ही भक्तांसारखं कौतुक करत होतो. आता स्वतःचाच राग येतो.

त्यांच्या पत्नी शालनबाई अभ्यासाला कधी बसल्या नाहीत. आम्ही आत श्वापदाची शिंगं मोजायचो, त्या बाहेर चहा गाळायच्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली, डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं. बाई घाबरल्या. शेवटाबद्दल काही वाचायला द्या, असं त्यांनी नवऱ्याकडे मागितलं. माझं उतरवून होऊ दे, मग वाच, असं उत्तर मिळालं.

कपाटाची किल्ली खिळ्यालाच असायची. बाईंनी आतलं एक सोप्या मराठीतलं, चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात साल देऊन लिहिलं होतं, येत्या ईस्टरच्या आत प्रभू येशू परत येणार. मग शरीर कापून कशाला घ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ऑपरेशन आज नको, उद्या नको करत टाळलं. कारण कोणाला सांगितलं नाही. ईस्टर आला तसा गेला. तोवर गाठ पसरली होती.

दवाखान्यात मी शेजारी उभा असताना त्या नवऱ्याला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. आबाजी म्हणाले, "अगं, ते टाकाऊ होतं. म्हणून तर कुलपात ठेवलं."

"आपण कुलपात दागिने ठेवतो," शालनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मोलाचं आहे. आणि पानाची लाल खूण तर आपण बायबलातच घालतो. तुम्ही त्यावर काही लिहिलं का नाही?"

पावसाळ्याआधी बाई गेल्या.

गेल्या रविवारी मी आबाजींच्या घरी गेलो तर ते तेरा पुस्तकं जमिनीवर मांडून एकेका टॅगवर कारण लिहीत होते. अक्षर अजून तसंच, छापल्यासारखं. ते टॅग कंपनीतून मीच आणून द्यायचो, आणि रकाना कोरा आहे हे मला दर वेळी दिसत होतं.