नवऱ्याचं डिझेल आणि भावाचं ग्लो

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा घरात दवाखान्यासारखा इथरचा वास भरून राहिला होता. शेजारणीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कुणाचं ऑपरेशन झालंय का?" ऑपरेशन इंजिनाचं होतं. नवरा कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी खेळण्यातली विमानं उडवायचा. त्याच्या मुठीएवढ्या डिझेल इंजिनाला इथर, रॉकेल आणि एरंडेल लागायचं. एरंडेल संपलं की तो माझ्याकडे संशयाने बघायचा, जणू मीच ते पीत होते.

माझा धाकटा भाऊ पुण्याला राहायचा. त्याने ग्लो इंजिन आणलं आणि घरात दोन पक्ष झाले. ग्लोच्या प्लगला क्षणभर बॅटरी जोडायची, आतली तार लाल झाली की विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवायचा. नवरा म्हणे, "आमच्या डिझेलला बॅटरी लागत नाही. तुम्ही ती विसरलात तर काय, विमानाची आरती करणार?"

शेवटी एका रविवारी आम्ही दिघीच्या माळावर गेलो. विमान दोन लांब तारांना बांधलेलं असे. मध्ये उभं राहून तारांच्या टोकाची मूठ धरायची आणि त्याच्याबरोबर गरगर फिरायचं. भावाचं ग्लो दुसऱ्या झटक्याला किंचाळत सुरू झालं, झपाट्याने फिरलं आणि तेल संपून लगेच खालीही उतरलं.

"एवढ्यात आटोपलं?" नवरा म्हणाला. आपलं डिझेल किती काटकसरी आहे ते दाखवायला त्याने टाकी काठोकाठ भरली. मग पंख्याला झटके देणं सुरू झालं. वरचा स्क्रू थोडा आवळ, थोडा सैल कर, पुन्हा झटका. पंख्याने बोट सडकलं, मी रुमाल बांधला. गुरं घेऊन आलेला एक शेतकरी बराच वेळ बघत होता. "चालत न्हाई व्हय?" त्याने सहानुभूतीने विचारलं.

तेवढ्यात ते चाललं. नवऱ्याने मध्ये जाऊन मूठ धरली, मी विमान सोडलं, ते ऐटीत उचललं गेलं, आणि थांबायचं नाव घेईना. नवरा फिरतोय, फिरतोय. आधी हसला, मग त्याचे पाय वाकडे पडायला लागले.

"दाजी, इथर टाकीत घातलंत की प्यालात?" भावाने विचारलं.

"अगं, इकडे ये," नवरा क्षीण आवाजात म्हणाला. मी पदर खोचून, तारांखालून वाकून धावत मध्यभागी गेले. त्याने मूठ माझ्या हातात दिली आणि तिथंच मटकन खाली बसला.

तारा मनगटाला ओढत होत्या. मूठ जरा वर केली की विमान वर, खाली केली की खाली. मला एकदाही घेरी आली नाही. नवऱ्याच्या डोक्यावरून तारा गेल्या की तो मान आत घ्यायचा, आणि मी मुद्दाम दोनदा जरा खालून नेल्या. मग इंजिन गप्प झालं, विमान गवतात आपटलं आणि त्याचं एक चाक निघालं.

घरी चहा पिताना दोघांनी मला निकाल विचारला. मी म्हटलं, "ह्याचं लगेच सुरू होतं. तुमचं लवकर थांबत नाही." दोघेही खूश झाले. मी आपल्याच बाजूची आहे असं प्रत्येकाला वाटलं.

पुढच्या सुट्टीला नवऱ्याने टाकी अर्धीच भरली. मी ती त्याच्यादेखत पूर्ण भरली आणि मूठ घेऊन मध्ये जाऊन उभी राहिले.